बाबा तिसऱ्यांदा आले तेव्हा

"बाबा, माझी ती मिठी कितव्या टेकची?"

विचारलं. एकदाचं विचारून टाकलं. वर्गातल्या कस्तुरी आणि महमुदानं मला डेअर दिलं होतं, आणि नाही विचारलं तर उद्यापासून कँटीनमध्ये मला 'व्हायरल बेबी' म्हणून हाक मारणार होत्या. कस्तुरीची अट अशी, की गाडीतच विचारायचं, कारण चालवणारा माणूस मध्येच उठून जाऊ शकत नाही. (तिचे बाबा बँकेत आहेत, तिला असल्या अटी बरोबर सुचतात.) मला वाटलेलं, बाबा हसतील, किंवा 'खंयची मिठी गो?' असं तरी म्हणतील, आणि तेवढ्यात मी विषय बदलून टाकीन. पण आम्ही इथे बहारीनमध्ये, तुबलीच्या सिग्नलला थांबलो होतो, बाबांच्या गॅरेजच्या पिकअपचा इंडिकेटर टकटक करत होता, खाडीचा तो दुपारचा कुबट वास खिडकीच्या फटीतून आत येत होता, आणि कुणी 'कितव्या मजल्यावर राहता?' विचारल्यावर सांगावं तसं, समोर बघतच बाबा म्हणाले, "तिसऱ्या."

मग सिग्नल सुटला.

ती मिठी म्हणजे कोणती हे आमच्या ओळखीतल्या कुणाला सांगावं लागत नाही, पण इथे सांगते. दहा वर्षांपूर्वीचा व्हिडिओ आहे. देवगडकडचं आमचं घर, लाल मातीचं अंगण, मी पहिलीत, दोन वेण्या, लाल रिबिनी, पाठीवर दप्तर. बेडं, म्हणजे आमच्याकडचं बांबूचं फाटक, ढकलून एक माणूस ट्रॉली बॅग ओढत आत येतो. न कळवता बहारीनहून आलेला बाप. मुलगी क्षणभर थबकते, मग जी धावत सुटते ती त्याच्यावर अशी आदळते की तो मागे हेलपाटतो. संपलं. खाली लिहिलंय, 'शंभर टक्के खरं. रडू आलं तर आम्ही जबाबदार नाही.' काढला स्वरूपकाकांनी. ते तेव्हा इथे गुदैबियात बाबांचे रूममेट होते आणि त्याच विमानानं सुट्टीवर आले होते. पुढे त्यांनी असे कितीतरी काढले. 'इलंय मा!', म्हणजे 'आलोय ना!', हा त्यांचा चॅनेल आज लाखो लोक बघतात: दार उघडून किंचाळणाऱ्या आया, हातातली कळशी टाकून देणाऱ्या बायका, खाटेवरून उठायला धडपडणारे म्हातारे. पण सगळ्यात पहिली मी. आमच्या बिल्डिंगखालच्या कोल्ड स्टोअरवाले (इथे किराणा दुकानाला तसंच म्हणतात) चाचा अजूनही मला बघितलं की काउंटरच्या मागे दोन्ही हात पसरतात. मला आवडतं ते. खोटं कशाला बोलू? मला प्रसिद्ध असणं फारच आवडतं.

आणि म्हणूनच सगळं सुरू झालं. शाळेत वादविवाद स्पर्धा आहे, विषय असा की जे कार्यक्रम 'खरं आयुष्य' म्हणून दाखवले जातात त्यांच्यावर तसं लिहायला बंदी असावी की नसावी. कस्तुरी म्हणते असावी, मी म्हणते नसावी. गावातल्या मराठी शाळेतून चौथीनंतर मी इथे आले तेव्हा वर्गात दोन वर्षं मी इंग्रजीत फक्त 'येस मॅम' बोलले, तीही भक्ती आणि यंदा अकरावीत हाउसची पहिली स्पीकर तीही भक्ती, यावर माझा स्वतःचाच अजून पूर्ण विश्वास बसत नाही. रोज सकाळी उठल्यावर मला आठवतं की मी आता बोलू शकते, आणि दात घासताघासता मला आरशासमोर टाळ्या ऐकू येतात. तर सरावाच्या तासाला मी टेबलावर हात आपटून म्हणाले, माणसं कॅमेऱ्यासमोर खरी नसतात असं कोण म्हणतं? मी स्वतः पुरावा आहे! मी सहा वर्षांची होते, मला अभिनय काय माहीत? मला तो क्षण आजही जसाच्या तसा आठवतो! महमुदा वेळ बघायला बसली होती. ती शांत मुलगी आहे, प्रश्न विचारताना तिचा आवाज आणखीच खाली जातो. ती म्हणाली, "भक्ती, एक बता. तुझे याद है तो तू क्या देखती है?" मी म्हणाले, सगळं. अंगण, बाबा, बॅग, माझ्या वेण्या उडताहेत, दप्तर हिसके खातंय... "तेरी चोटियां?" ती म्हणाली. "पीछे से?"

माझ्या आठवणीत मला माझी पाठ दिसते. माझीच पाठ, माझंच दप्तर, माझेच तळवे मागे उडवत असलेली माती. जगात कुणाला स्वतःची पाठ आठवते? इतकी वर्षं मी एका माणसाच्या डोळ्यांनी स्वतःकडे बघत होते आणि ते डोळे स्वरूपकाकांचे होते. कस्तुरीला मात्र असलं काही सुचत नाही, तिला पुरावा लागतो. तिनं तिथल्या तिथे फोनवर व्हिडिओ लावला, थांबवला, दोन बोटांनी मोठा केला आणि मला म्हणाली, "हे बघ, मॅडम पुरावा. तुझे बाबा अजून फाटकात आहेत. बरोबर? मग अंगणात बॅगेच्या चाकांच्या रेघा आधीपासून कशा?" खरंच होत्या. लाल मातीत दोन-दोनच्या जोडीनं, एकमेकींना छेदत गेलेल्या. लाखो लोकांनी बघितलेला व्हिडिओ, मी स्वतः तर कितीदा बघितला असेल, आणि कुणी जमिनीकडे बघितलंच नाही. सगळे वर बघत होते. माझ्याकडे.

"तिसऱ्या म्हणजे?" मी गाडीत विचारलं. आवाज मोठा काढायचा होता, निघाला महमुदासारखा. बाबांनी गाडी कॅफेटेरियासमोर लावली आणि हॉर्न वाजवला. करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा, पिणार का, असं ते मला कधीच विचारत नाहीत. दोन बोटं वर केली की दोन कप येतात. मी डॅशबोर्डवरच्या धुळीत बोटानं रेघा ओढत बसले आणि मला राग यायला लागला. तो कुणाचा ते कळत नव्हतं. म्हणजे मला कुणीतरी शिकवलं होतं. 'धाव गो बाय, आता जरा जोरात, आता हस.' सर्कशीतल्या माकडासारखं. मग मी आयुष्यभर ज्या एका गोष्टीवर उभी आहे, की माझ्या बाबांना बघून मी वाऱ्यासारखी धावले होते, ती गोष्ट कुणीतरी रचून माझ्या हातात दिली होती. आई तो घरात कोंडलेल्या माणसांचा कार्यक्रम बघते तेव्हा रोज म्हणते, 'सगळा लिहून दिलेला असता ह्यांका, रडायचा सुद्धा.' आणि तरीही रडते. मी तिला हसायचे.

चहा आला. बाबांनी पहिला घोट घेतला आणि म्हणाले, "पयल्यांदा तू माका वळखलंच नाय."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते चहाकडे बघत होते.

"स्वरूपान सांगितल्यान, बोलूचा नाय हां. सरप्राइज म्हणजे गप. एक शब्द काढू नको, नायतर मजा जाता. म्हणान मी गप आत इलंय. आणि तुका तर माझो आवाज तेवढो म्हायत. तोंड खंय म्हायत होता?" ते थोडे हसले. "फोन येवक तुमका सड्यावर, त्या वरच्या माळार, चढूक लागा. रेंज नाय. थंयसून तू माका शाळेतली कविता म्हणान दाखवायस. मी आपलो आवाजच होतंय तुझो. तर हो मुको माणूस बॅग घेवन आत इलेलो बघून तू बोंब मारलंस, 'आत्ये, चोर इलो!' आणि ताई कोयतो घेवन भायर."

मला हसू आलं. खरंच आलं, नाकात चहा गेला. लक्ष्मीआत्या कोयता घेऊन, पदर खोचून, आणि समोर बाबा हात वर करून, आणि मागे फणसाच्या झाडाआड स्वरूपकाका शूटिंग करताहेत! हा व्हिडिओ का नाही टाकला? हाच तर भारी आहे! पण हसता हसता मी बाबांच्या हाताकडे बघितलं, कप त्यांनी इतका घट्ट धरला होता की कागद आत दबला होता, आणि माझं हसू तिथेच थांबलं. चार वर्षांनी घरी आलेला माणूस. त्याच्या मुलीनं त्याला चोर म्हटलं. हे त्यांनी दहा वर्षं कुणाला सांगितलं नाही. कोल्ड स्टोअरवाले चाचा हात पसरायचे तेव्हा बाबाही शेजारी उभे असायचे. हसायचे. 'हमारी बच्ची बहुत इमोशनल है' म्हणायचे.

"मग स्वरूपकाकांनी परत करायला लावलं," मी म्हणाले.

"नाय गो." बाबांनी पहिल्यांदा माझ्याकडे तोंड वळवलं. "त्येना खंय? तो बिचारो कॅमेरो बंद करून बसलेलो, म्हणता, खलास, गेला सगळा. मी तुका हाक मारलंय, 'भक्ते, मी गो, बाबा.' तशी तू आत्येच्या पाठसून भायर इलंस. थांबलंस. माझ्याकडे बघत रवलंस. आणि म्हणालंस काय म्हायत हा? 'बाबा, तुमी परत जावा. परत येवा. मी आता बरोबर करतंय.'"

बाहेर कुणीतरी जोरात हॉर्न दिला आणि कॅफेटेरियातला पोऱ्या ट्रे घेऊन दुसऱ्या गाडीकडे पळाला. बाबा सांगत राहिले. ते बेड्याबाहेर गेले. बॅग घेऊन, कारण मी सांगितलं होतं, बॅग पण न्या. परत आले. दुसऱ्यांदा मी अर्ध्यापर्यंत धावले आणि मध्येच मला हसू फुटलं, म्हणून मीच हात वर करून थांबवलं, 'हा नको, माका हसूक इला.' ते पुन्हा बाहेर गेले. रात्रभर प्रवास केलेला, विमान, मग मुंबईहून गाडी, मग कुणाच्या तरी रिक्षानं तिठ्यापासून वर, अंगातला शर्ट चुरगळलेला, पोटात काही नाही. आणि मी सांगितलं म्हणून ते स्वतःच्या घराबाहेर जाऊन उभे राहिले. दोनदा. "माका वाटला," ते म्हणाले, "तू दहा वेळा सांगितलं असतंस तरी दहा वेळा गेलंय असतंय. चेडू माझा, एवढासा पोर, चुकलेला बरोबर करून दाखवता हा. माका आणि काय व्हया?" तिसऱ्या वेळी काकांनी कॅमेरा कधी सुरू केला ते बाबांना ठाऊक नाही. तो नसता तरी ती मिठी तशीच झाली असती, एवढं मात्र ते दोनदा म्हणाले.

मी डोळे मिटले. आठवायचा प्रयत्न केला नाही, नुसते मिटले. पिकअपचा एसी घरघरत होता आणि बाबांचा आवाज चालू होता, काहीतरी गिअरबॉक्सचं, बुदैयाला एक गाडी पोचवायची आहे त्याचं. त्यांना विषय बदलायचा होता बहुतेक. आणि त्या आवाजात, डोळ्यांपुढे काहीच नसताना, एकदम मला आत्याच्या लुगड्याचा वास आला. चुलीचा आणि खोबरेल तेलाचा. माझं नाक त्यात दाबलेलं होतं. आणि कापडाच्या पलीकडून, सड्यावरच्या फोनमधून यायचा तो आवाज, पण फोनशिवाय, मोठा, खरखर नसलेला, अगदी जवळ: 'भक्ते, मी गो.' एवढंच. माझी पाठ नाही, वेण्या नाहीत, कुठून काही दिसत नाही, नुसता अंधार आणि आवाज. हे त्या व्हिडिओत नाही. हे कुणी काढलेलं नाही. माझी आठवण मला परत मिळाली होती, आणि ती मला चहाच्या कपासारखी खिडकीतून आत दिली होती बाबांनी. मी डोळे उघडले आणि म्हणाले, "थँक यू." "चायचा?" ते म्हणाले. मी म्हटलं, "हो. चहाचा."

घरी आई बांगडे साफ करत होती. मी दप्तर न काढताच सगळं तिच्यावर ओतलं, चोर, कोयता, परत जावा, परत येवा. तिला सगळं माहीत होतं. तिनं एकदाही 'हो का?' म्हटलं नाही, नुसती कल्ले ओढून काढत राहिली. मला त्याचाच जरा राग आला. "तू कुठे होतीस गं तेव्हा? तू त्या व्हिडिओत कुठेच नाहीस." "मी खंय आसतलंय?" आई म्हणाली. "बाजारात. असलेच बांगडे घेऊक. घामान चिप्प, सगळ्यात जुना लुगडा. घरी येतंय तर ह्यो माणूस वट्यावर बसून चाय पिता हा आणि आख्खी वाडी जमलेली. सगळ्यांका म्हायत, माकाच नाय." मी म्हटलं, पण किती आनंद झाला असेल! "झालो," ती म्हणाली. मग तिनं नळ बंद केला. "भक्ते, पूर्वी गल्फवालो येवचो असलो तर म्हयनोभर आधी कळायचा. मगे आमचो म्हयनो सणाचो. अंगण सारवूचा, गाद्यांका उन्हा दाखवूची, मासेवालीक सांगून ठेवूचा, अमक्या दिसाक सुरमय व्हयी. रस्त्यान जाताना लोक थांबवून इचारतत, 'खंयच्या तारखेक गो?' आणि आपण सांगूचा. परत परत सांगूचा. रात्री झोप येत नाय, पण ती झोप न येणासुद्धा बरा वाटता. चार वर्सा थांबलेलंय मी. ता थांबणा वेगळा आणि ह्या थांबणा वेगळा. ह्या माझ्या हक्काचा होता. ह्यांनी माका आनंद दिलो गो, नाय कशाक म्हणू? पण वाट बघूचे दिवस खावन टाकले." मग ती पुन्हा बांगड्यांकडे वळली आणि म्हणाली, "मीठ दी."

मला हे सगळं शुक्रवारी आठवणार होतं, पण त्या दिवशी, बुधवारी, तसं काही माहीत नव्हतं. बुधवारी मी नुसती खूश होते. कस्तुरीला मेसेज केला, 'तिसरा टेक. पण डायरेक्टर मी होते!!!' तिनं हसून लोळणारे चेहरे पाठवले. महमुदानं फक्त विचारलं, 'तू ठीक?' मी ठीक होते. मी ठीकच्या खूप पलीकडे होते.

शुक्रवारी स्वरूपकाका जेवायला आले. हलव्याचा डबा घेऊन, नेहमीसारखे. स्वरूपकाका वाईट आहेत असं कुणी समजू नये. बाबांचं जुनं गॅरेज बंद झालं तेव्हा नवीन व्हिसा मिळेपर्यंत आमच्या घरात जे शिजत होतं त्यातलं अर्धं त्यांनी आणून दिलेलं होतं, आणि त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. म्हणूनच तर त्यांनी महिन्यापूर्वी नव्या व्हिडिओची कल्पना काढली तेव्हा आईबाबा काही बोलू शकले नाहीत. आणि मी? मी तर टेबलावर चढून नाचायची बाकी होते. मे महिन्यात आम्ही गावी जाणार. सहा वर्षांनी: आधी कोविड, मग व्हिसा, मग माझी दहावी. आत्याला सांगायचं नाही. 'ती मुलगी आता मोठी झाली', असा खास भाग. मी एकटी बेड्यातून आत जाणार, दोन वेण्या, लाल रिबिनी ("सोळा वर्षांची घोडी मी, काका!" "असूंदे गो, लोकांका ओळखूक येवक व्हयी"), आणि आत्या, जिनं मला न्हाऊमाखू घातलं, आई शेतात असताना जिच्या कुशीत मी झोपले, ती एकटी त्या घरात राहणारी आत्या मला बघून जे काय करेल ते कॅमेऱ्यात. तेव्हापासून दर शुक्रवारी फोनवर मी आत्याशी खोटं बोलत होते. छान, गोड, सरप्राइजवालं खोटं.

त्या दिवशी जेवताना मी काकांना विचारलं, "काका, माझा पहिला टेक तुम्ही का नाही टाकलात? कोयत्यावाला?" काकांनी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग जोरात हसले. "कळला तर तुका! अगो, तो टाकलो असतो तर तुझ्या बापाशीची अब्रू गेली असती." भात कालवताना ते गंभीर झाले. "भक्ती, लोकांना खरं तेच बघायचं असतं. पण खरां एकदाच होता, आणि नेमको तेव्हाच हात हलता. मी काय करू? मी खोटं दाखवत नाय. मी खरं नीट दाखवतो." मला ते वाक्य इतकं आवडलं की स्पर्धेत वापरायचं असं मनात ठरवलं. खरं नीट दाखवतो! मी त्यांच्या बाजूचीच होते अजून. तेवढ्यात माझा फोन वाजला. आत्या.

मी स्पीकरवर टाकला. काकांनी ओठांवर बोट ठेवलं आणि सगळे गप्प झाले, आई आमटीची वाटी हातात धरून उभी.

"भक्ते, बरा मा गो सगळा? जेवलंस?"

"जेवतेय. तू?"

"मी केव्हाच. काय सांगू तुका, काल नारळ म्हणान मांजराक उचललंय!" आत्या तिचं ते खालून वर जाणारं हसू हसली. "डोळ्यांत मोतीबिंदू पिकलो हा म्हणता डॉक्टर. कोपऱ्यात गोल दिसला, वाकलंय, उचललंय, तर ता बोचकारता!"

मी हसले. काका तोंडावर हात दाबून हसत होते. "मग काढून घे ना आत्ये," मी म्हटलं. "सोपं असतं ते आता."

"घेतलंय मगे पावसाळो सरल्यार. घाई काय असा? बघूचा कोणाक हा?" हे ती तक्रार म्हणून बोलली नाही. आमटी आंबट झाली असं सांगावं तसं बोलली. "यंदा मे म्हयन्यात येतलात काय गो? नाय, मी आपला असाच इचारलंय. येवचे असलात तर मगे आधीच काढून घेतलो असतो. तुका काय अशी धुक्यातसून बघू? केवढी झालंस, सगळे फोटो दाखवतत, माका आपला पांढरा दिसता."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "अजून काही नक्की नाही, आत्ये."

"असूंदे, असूंदे. अभ्यास कर हां."

फोन बंद झाला आणि स्वरूपकाकांनी मांडीवर थाप मारली. "अगो, ह्या तर आणखीन भारी! तू समोर जातलंस, ती वळखूची नाय. 'कोण गो तू?' म्हणतली. तू बोलायचं नाय हां लगेच! आधी गप राहायचं. जवळ जायचं, हात धरायचा, ती चाचपून बघतली, आणि मगे तू एकच शब्द, 'आत्ये'. यल्ला! आख्खा महाराष्ट्र रडतलो!"

आधी गप राहायचं. मी बाबांकडे बघितलं. ते ताटाकडे बघत होते, पण त्यांचा हात भातात थांबला होता. मला दिसायला लागलं, आणि या वेळी मागून नाही, माझ्या पाठीवरून नाही, तर समोरून, आत्याच्या डोळ्यांनी: पांढरं अंगण, पांढरा उजेड, आणि त्यातून काहीतरी उंच, मुकं, जवळ येतंय. ती घरात एकटी. बाबांना तरी पुन्हा बाहेर जायला सांगणारं कुणी होतं. आत्या सांगणार नाही. तिला वाटेल, आपल्याच डोळ्यांची चूक. आपण वाढवलेलं पोर आपल्याला ओळखू आलं नाही, ही लाज ती एकटी उचलेल, कॅमेऱ्याकडे बघून हसेल सुद्धा, आणि लाखो लोक ते हसू बघून रडतील. आणि एवढं सगळं होईपर्यंत तिच्या हातात अख्खे आठवडे होते, डोळा स्वच्छ करून घ्यायला, अंगण सारवायला, रस्त्यात थांबवून तारीख विचारणाऱ्यांना तारीख सांगायला. ते आठवडे माझ्याकडे होते. मी खिशात घालून बसले होते. मला आईचे ते खाल्लेले दिवस आठवले आणि मी ताट बाजूला सारलं.

काका हात धुऊन, बडीशेप खाऊन, मला 'रिबिनी विसरू नको' असं बजावून गेले. जाताना जिन्यात ते कुणाच्या तरी पोराला चॉकलेट देत होते, त्यांचा आवाज वर येत होता, तोच मोकळा, मायाळू आवाज. त्यांचा राग मला येईना. खरं सांगायचं तर त्यांनी हात हलू न देता ते काढलं नसतं तर मी बाबांना तो प्रश्न कधी विचारलाच नसता, आणि 'परत जावा, परत येवा' हे माझं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वाक्य मला कळलंच नसतं. मला सगळ्यांचेच आभार मानावेसे वाटत होते, वेड्यासारखे: जमिनीकडे बघणाऱ्या कस्तुरीचे, हळू बोलणाऱ्या महमुदाचे, हेलपाटलेल्या बाबांचे, ते दिवस जाऊनही दहा वर्षं कधी टोमणा न मारलेल्या आईचे, कोयता घेऊन माझ्यापुढे उभी राहिलेल्या आत्याचे तर सगळ्यात जास्त. पण आभार मनात मानून आत्याच्या डोळ्यांतलं काही जात नाही, आणि आपण बोलू शकतो हे सहा महिन्यांपूर्वी ज्या मुलीला कळलंय तिनं आता गप्प बसणं म्हणजे कमालच.

आई ताटं उचलत होती. बाबा खिडकीशी उभे राहून खाली काकांना हात करत होते. काकांची गाडी वळेपर्यंत मी थांबले.

"आई, बाबा, दोघं इकडे बघा. मी ठरवलंय. काकांशी मी बोलेन, तुम्ही मध्ये पडू नका, ते रागावले तर माझ्यावर रागावतील. रिबिनी नाहीत, लपणं नाही, कॅमेरा आणायचा की नाही ते आत्या सांगेल. आणि मी आत्ता तिला फोन करणार आहे, आत्ता, तारखेसकट, म्हणजे तिला डॉक्टरकडे जायला वेळ मिळेल." मग मला आणखी एक सांगायचं होतं, आणि ते इंग्रजीत येईना, शाळेच्या मराठीतही येईना, कुठून आलं कोण जाणे, पण आलं: "तिका आमची वाट बघूंदे."